१२ एकरांतले ४: लेकीचा वाटा कायद्यात कसा आला आणि एका सहीत कसा जातो

२०११ च्या मे महिन्यात मी दोन्ही आत्यांना घेऊन तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेले होते. आजोबांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. बाबा एकुलते एक भाऊ, त्यांना दोन बहिणी, आणि पणजोबांपासून चालत आलेली १२ एकर जमीन. आजी आजोबांच्या आधीच गेली होती. दस्त लिहिणाऱ्याने कागदावर बोट टेकवून दाखवलं, “इथं, इथं आणि मागच्या पानावर.” मोठ्या आत्याने अंगठा उमटवला. धाकटीने एकेक अक्षर जुळवत सावकाश सही केली. मग एकेकीला छोट्या कॅमेऱ्यापुढे बसवून फोटो काढला. कागदात काय लिहिलंय हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बाहेर आल्यावर बाबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. घरी आईने दोघींची ओटी भरली, साड्या दिल्या. कुणी कुणाला फसवतंय असं त्या दिवशी कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. त्यावर प्रत्येक आत्याने ४ एकर जमीन सोडली होती, हे मला दोन वर्षांनी हिशेब मांडल्यावर कळलं. पुढे बचत गटांच्या बैठकांत बायकांशी या विषयावर बोलायला लागले तेव्हा मी सुरुवात नेहमी याच हिशेबापासून करायचे. कारण त्या १२ एकरांत शंभर वर्षांचा इतिहास मावतो.

समजा आजोबा १९५६ च्या आधी गेले असते. तर सगळे १२ एकर बाबांचे झाले असते आणि आत्यांच्या वाट्याला शून्य आलं असतं. समजा ते १९५६ नंतर, पण १९९४ च्या आधी गेले असते. तर आधी कागदावर अशी कल्पना करायची की मृत्यूच्या क्षणाआधी बाप-लेकांची वाटणी झाली: ६ एकर आजोबांचे, ६ बाबांचे. मग आजोबांच्या ६ एकरांचे तीन सारखे भाग, दोन-दोन एकरांचे. बाबांकडे ८ एकर, आत्यांकडे प्रत्येकी २. आजोबा प्रत्यक्षात २०१० साली गेले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्या कल्पित वाटणीत चौघे बसतात: आजोबा, बाबा आणि दोन्ही आत्या. प्रत्येकी ३ एकर. आजोबांचे ३ एकर पुन्हा तिघांत, एकेक एकर. म्हणजे प्रत्येकाला ४. जमीन तीच, माणसं तीच, पण कायदा बदलला तसा आत्यांचा आकडा शून्यावरून २ वर आणि २ वरून ४ वर गेला.

हे आकडे कुठून आले ते पाहायला जरा मागे जावं लागतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिच्यावर आधारलेला वारसाहक्क देशाच्या मोठ्या भागात चालत आला. त्याचा गाभा असा की, घराण्याच्या मालमत्तेत मुलगा जन्मल्याबरोबर वाटेकरी होतो. मुलगा, नातू, पणतू हे सगळे जन्मतः वाटेकरी. वकील त्यांना कोपार्सनर म्हणतात. एक गेला की त्याचा भाग मागे उरलेल्या वाटेकऱ्यांत मिसळून जातो. वारसांमध्ये वाटायला काही उरतच नाही. या वर्तुळात बाई कुठेच नव्हती. तिला खाणंपिणं, आसरा, लग्नाचा खर्च मिळे. म्हणजे मालमत्तेतून तिचं पोट भरायचं, पण मालमत्ता तिची नव्हती. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. पोसणं आणि मालकी यांतला फरक ज्या बाईला कळला, तिला पुढचे सगळे कायदे आपोआप कळतात.

हा फरक बायकांनीच बोलून दाखवायला सुरुवात केली. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ साली पुण्यात भरलं. सुरुवातीला तिथे चर्चा शिक्षणाची होती, पण काही वर्षांतच परिषद वारसाहक्कावर आली, कारण शिकलेली विधवासुद्धा दिराच्या दयेवरच जगत होती. १९३७ साली मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गो. वि. देशमुख यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला. त्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला, पण तिच्या हयातीपुरता. तिने तो विकायचा नाही, कुणाच्या नावे करायचा नाही. ती गेली की तो नवऱ्याच्या वारसांकडे परत. लेकीला त्यात काहीच नव्हतं. शिवाय १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितलं की प्रांतांतल्या शेतजमिनीला हा कायदा लागूच होत नाही. शेतीवर जगणाऱ्या देशात शेतजमीन वगळली तर हातात किती उरतं, हे वेगळं सांगायला नको.

मग हिंदू कोड बिल आलं. हिंदू कायद्याचा मसुदा करणाऱ्या बी. एन. राव समितीच्या मसुद्यात लेकीला मुलाच्या निम्मा वाटा होता. कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती ते बिल आल्यावर प्रवर समितीत तो वाटा मुलाइतका झाला. विरोध जबरदस्त होता. घरं फुटतील, भाऊ-बहीण कोर्टात उभे राहतील, जावई जमिनीत घुसतील, असं सांगितलं जात होतं. बिल लांबणीवर टाकलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा की, स्त्री-पुरुषांमधली विषमता तशीच ठेवून आर्थिक प्रश्नांवर कायदे करत राहणं म्हणजे शेणाच्या ढिगाऱ्यावर राजवाडा बांधणं. बाईच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारा हा माणूस आपल्याकडे जयंतीला आठवला जातो, पण वाटणीच्या दिवशी कुणाला आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. (तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना तो लागू नाही. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. इथला हिशेब त्यांच्यासाठी नाही.) या कायद्याच्या कलम १४ ने एक मोठी गोष्ट केली. बाईच्या ताब्यात असलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची झाली, हयातीपुरतीचं बंधन गेलं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेत लेक मुलाच्या बरोबरीने वारस झाली. पण घराण्याच्या मालमत्तेतलं जन्मतः वाटेकऱ्यांचं वर्तुळ तसंच राहिलं, फक्त पुरुषांचं. म्हणून वरच्या हिशेबात बाबांना ८ आणि आत्यांना २ येतात. बाबांना एकदा जन्माने मिळतं आणि एकदा वारस म्हणून. आत्यांना फक्त वारस म्हणून.

राहत्या घराचीही तीच तऱ्हा. भावांनी वाटणी करायचं ठरवलं तरच लेकीला घरातला वाटा मागता येई. तिथे राहायचा हक्क होता, पण ती अविवाहित, टाकलेली, विभक्त किंवा विधवा असली तरच. सुखाने नांदणाऱ्या लेकीला माहेरचं घर कायद्यानेच परकं होतं. ‘परक्याचं धन’ हे शब्द आपण नुसते म्हणीतच ऐकतो असं मला पूर्वी वाटायचं.

हे वर्तुळ आधी दक्षिणेकडच्या राज्यांनी मोडलं. केरळने सत्तरच्या दशकातच एकत्र कुटुंबाची ती पद्धतच रद्द केली. आंध्र, तामिळनाडू यांनी लेकीला जन्मतः वाटेकरी केलं. महाराष्ट्राने हा बदल २२ जून १९९४ पासून केला, पण त्यात एक अट होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या लेकी यात येणार नाहीत. माझ्या दोन्ही आत्यांची लग्नं त्याच्या कितीतरी आधी झाली होती. म्हणजे ज्यांना हुंडा-मानपानाच्या जुन्या जमान्यात सासरी पाठवलं, नेमक्या त्याच पिढीला १९९४ च्या कायद्याने दाराबाहेर ठेवलं.

ते दार ९ सप्टेंबर २००५ रोजी उघडलं. देशभरासाठी हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ६ बदललं. लेक जन्मतः वाटेकरी झाली, लग्न झालेलं असो वा नसो, केव्हाही झालेलं असो. राहत्या घराबद्दलचं बंधन गेलं. शेतजमिनीबाबतचे राज्यांचे कायदे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवणारी पळवाट होती, तीही काढली. त्यासाठी अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल आणि अनेक महिला संघटनांनी मोठी खटपट केली होती. एक मर्यादा राहिली. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी किंवा विक्री उकरता येत नाही. पण पळवाटा काढणाऱ्यांनी जुन्या तारखेची ‘तोंडी वाटणी’ दाखवायला नको, म्हणून कायद्यात वाटणीचा अर्थही बांधून दिला आहे: नोंदणी झालेलं वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूम. हक्काबरोबर जबाबदारीही आली. घराण्याच्या मालमत्तेवरचं दायित्व मुलाइतकंच लेकीवर आहे. आणि ती कुटुंबाची कर्ताही होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली थोरल्या लेकीला तसा मान दिला.

तरी गोंधळ संपला नाही. २००५ साली वडील हयात नसतील तर लेकीला हक्क मिळतो का, यावर कोर्टांत वेगवेगळे निकाल येत राहिले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वडील त्या दिवशी हयात हवेत. २०१८ साली त्याच न्यायालयाने, वडील २००१ मध्ये गेलेल्या लेकींना वाटा दिला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात होते की नाही हा प्रश्नच नाही. बैठकीत मी हे साध्या शब्दांत असं सांगते: मुलाला कुणी विचारतं का, तुझा बाप अमुक तारखेला जिवंत होता का?

इथे एक सावधगिरीची गोष्ट. ‘आजोबांची जमीन’ म्हटली की ती प्रत्येक वेळी कायद्याच्या अर्थाने वडिलोपार्जित असतेच असं नाही. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली मालमत्ता त्यांची एकट्याची. ते मृत्युपत्राने ती कुणालाही देऊ शकतात, आणि लेकीला त्यात आव्हान द्यायला फारशी जागा नसते. मृत्युपत्र नसेल तर मात्र पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. १९५६ नंतर मुलाला बापाकडून वारसाने मिळालेली बापाची स्वतःची मालमत्ताही त्या मुलाची स्वतःचीच धरली जाते. त्यामुळे आधी फेरफार (जमिनीच्या नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी) काढून जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली हे पाहायचं, मग हिशेब करायचा. नुसत्या ऐकीव गोष्टीवर भावाशी भांडणंही चूक आणि सही करणंही चूक.

आता कागदांकडे येऊ, कारण हक्क हातातून निसटतो तो इथेच. माणूस गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज होतो. फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, १५ दिवस हरकतीसाठी असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्जात बहिणींची नावं लिहिलीच नाहीत, असं अनेकदा होतं. किंवा लिहिली तरी ती सातबाऱ्यावर मालकांच्या रकान्यात येत नाहीत, ‘इतर हक्क’ या रकान्यात जातात. मी असे कितीतरी उतारे पाहिलेत: वर ठळक भावांची नावं, आणि बाजूला बँकेच्या बोजाखाली बहिणींची. नोटीस सासरच्या पत्त्यावर पोचतेच असंही नाही. पण हे पक्कं लक्षात ठेवायचं की सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही. नाव चढवण्यासाठी उशिरासुद्धा अर्ज करता येतो, आणि वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयात सुटतो.

हक्कसोडपत्राचं तसं नाही. तिथे मालकी खरोखर जाते. तो नोंदणी करावा लागणारा दस्त आहे, आणि सामाईक मालकाने दुसऱ्या सामाईक मालकाच्या नावे हक्क सोडला असा त्याचा अर्थ होतो. एकदा नोंदला की ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्याने तो फिरत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि ते समजल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. म्हणून वारस नोंदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात हक्कसोड घुसलेली नाही ना, हे पाहूनच सही करावी. ‘तलाठ्याकडे नाव कमी करायला एक सही हवी’ असं म्हणून कुणी तालुक्याला नेत असेल तर दस्ताच्या पहिल्या ओळीतलं शीर्षक वाचावं. वाचता येत नसेल तर वाचणारं आपलं माणूस बरोबर न्यावं. मी त्या दिवशी बरोबर होते, वाचता येत होतं, आणि मी वाचलं नाही.

बहिणी सही का करतात? अडाणीपणामुळे, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. शिक्षिका, परिचारिका, बँकेत नोकरी करणाऱ्या बायकाही करतात. त्यांना माहेर हवं असतं. बाळंतपण, आजारपण, नवऱ्याशी बिनसलेलं एखादं वर्ष, भाऊबीजेचं ताट हे सगळं भावाच्या दारावर अवलंबून असतं. चार एकर घेतले तर ते दार बंद होईल ही भीती खरी आहे. दारं बंद झालेली मी पाहिली आहेत. म्हणून जी बाई सगळं समजून, मोजून सही करते तिला मी कधी नावं ठेवत नाही. माझं भांडण त्या प्रथेशी आहे, जिच्यात बहिणीचं प्रेम सिद्ध व्हायला जमीन लागते आणि भावाचं प्रेम साडीवर सिद्ध होतं.

दोन युक्तिवाद नेहमी पुढे येतात. पहिला: तिच्या लग्नात खर्च केला ना. हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे. तो वाटा म्हणून मोजता येत नाही. लग्नाचा खर्च मुलाच्याही लग्नात होतो आणि त्याच्या हिश्श्यातून तो कुणी वजा करत नाही. दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: म्हाताऱ्या आईवडिलांना भाऊ आणि वहिनी सांभाळतात. पुष्कळ घरांत हे खरं आहे, आणि त्यातलं बरंचसं काम वहिनी करते, जिच्या नावावर त्या जमिनीतलं काहीच नसतं. पण कायद्याने ही जबाबदारी एकट्या मुलाची नाही. विवाहित, कमावत्या लेकीनेही बापाला पोटगी द्यायला हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच दिला. तो खटला कल्याणच्या एका डॉक्टर लेकीचा होता. वर्षं नीट पाहा. लेकीची जबाबदारी १९८७ मध्ये मान्य झाली आणि महाराष्ट्रात तिचा जन्मतः हक्क १९९४ मध्ये.

जमीन नावावर असल्याने बाईच्या रोजच्या जगण्यात काय बदलतं, याचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे ५०० विवाहित बायकांशी बोलून २००५ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्यापैकी ४९ टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. जायला जागा असली की हात उगारणाऱ्यालाही ते माहीत असतं. आणि देशात परिस्थिती काय? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे शेती कसणाऱ्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्के. शेतात राबणाऱ्यांत त्यांचं प्रमाण किती हे कुठल्याही बांधावर उभं राहून मोजता येईल.

कायदा अजून सरळ झालेला नाही, हेही सांगायला हवं. मूलबाळ आणि नवरा मागे नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर नंतर. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरने घराबाहेर काढलेल्या आणि माहेरी राहून शिकून नोकरी केलेल्या एका बाईची सगळी बचत २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाप्रमाणे नवऱ्याच्या भाच्यांना दिली. तोच नियम पुरुषाला उलटा लागू होत नाही. म्हणून एकट्या राहणाऱ्या, कमावणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, मृत्युपत्र कर. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांपुढे सही केलेलंही चालतं.

मोठी आत्या २०१७ साली गेली. बाबांशी या विषयावर बोलायचं धाडस मला त्यानंतर झालं. ते रागावले, मग बरेच दिवस गप्प राहिले, आणि एका सकाळी त्यांनीच विचारलं की परत द्यायचं तर कागद कुठला करतात. हक्कसोड उलटी फिरत नाही, बक्षीसपत्र करावं लागतं. सोडताना मुद्रांक शुल्क नाममात्र होतं; परत देताना जमिनीच्या बाजारमूल्यावर टक्केवारीने भरावं लागलं. बाबांनी धाकट्या आत्याला विहिरीजवळचे दोन एकर दिले. चार नाही, दोन. त्यावर आमचं अजून एकमत नाही. त्याच कार्यालयात, तशाच कॅमेऱ्यापुढे आत्या पुन्हा बसली. या वेळी तिने सही करण्याआधी दस्त माझ्याकडून पहिल्या ओळीपासून वाचून घेतला, आणि चतुःसीमेपाशी मला थांबवून म्हणाली, “पूर्वेला ओढा लिहिलाय ना? ओढा आहे तिथं. बघ नीट.”